अर्ध्या तासाचं पाणी

पाणी भरून यायला किती वेळ लागतो? घरोघरी फिरून पाहणी करणारे हा प्रश्न विचारतात आणि उत्तरावरून ते कुटुंब जगाच्या हिशेबात कुठल्या पायरीवर बसतं ते ठरतं. हा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून ठेवतात. नळ, बोअरवेल, कठडा बांधून झाकलेली विहीर, अगदी टँकरसुद्धा त्यांच्या लेखी 'सुधारित' स्रोत. तिथवर जाऊन, रांगेत थांबून, भरून परत यायला ३० मिनिटं पुरत असतील तर ती 'मूलभूत' सेवा. एकतिसावं मिनिट लागलं की 'मर्यादित'. मूलभूतच्याही वरची पायरी गाठायची तर पाणी घरात किंवा अंगणात हवं, लागेल तेव्हा हवं आणि शुद्ध हवं.

या मोजपट्टीवर भारतात मूलभूत पाणी मिळणाऱ्यांचं प्रमाण खेड्यांत आणि शहरांत, दोन्हीकडे नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे. आकडा खोटा नाही. माझा प्रश्न घड्याळाबद्दल आहे: ते जानेवारीत लावलं की मे महिन्यात?

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा इथलेच. त्यातला तानसा तर १८९२पासूनचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरचा पाइप सरळ कोरड्या विहिरीत सोडतात. पाणी तळाशी पडतं न पडतं तोच चहूबाजूंनी पोहरे आत जातात, गाळ ढवळला जातो आणि हंड्यात येतं ते चहाच्या रंगाचं पाणी. टँकर सुधारित स्रोत, हे मान्य. पण उघड्या विहिरीत ओतल्यावर त्या पाण्याची पायरी कोणती?

दोष पावसाचा नाही, खडकाचा आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. हा खडक स्पंजासारखा नसतो. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरुमात. ढोबळ हिशेबाने १०० लिटर खडकातून हाती लागतं २ लिटर. म्हणजे एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली तर मिळालं २ लाख लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर शंभर माणसांच्या पाड्याला ते ३६ दिवस पुरेल. गंगेच्या मैदानातल्या वाळू-गाळातून १०० लिटरमागे १० लिटर जरी निघाले, तरी तेवढ्याच उतारावर सहा महिने जातात. त्यात सह्याद्रीचा उतार तीव्र. मुरलेलं पाणीही झऱ्यांवाटे ओढ्याला लागतं आणि होळीपर्यंत बरंचसं निघून गेलेलं असतं. धरण आहे खाली दरीत, पाडा आहे वर. मुंबईकडे तानसाचं पाणी उताराने आपसूक जातं. पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी आणि ते बिल कुणीतरी भरायला हवं. भूगोलाने अर्धं ठरवलं, उरलेलं अर्धं माणसांनी.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन, म्हणजे खेड्यातल्या घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना, जाहीर झालं तेव्हा देशातल्या ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२५पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. वर धरलेले ५५ लिटर हे याच योजनेचं माप. डोक्यावरचा हंडा उतरवणारं याहून मोठं काम अलीकडे झालेलं नाही, असं मला वाटतं. पण ज्या गावात नळामागची विहीर त्याच कातळात खोदलेली आहे, तिथे मे महिन्यात तोटी फिरवली की आधी फुसफुस हवा येते.

शहरात नळ घरातच, म्हणून घड्याळ शून्यावर. तिथली गोची वेगळी. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून थोडेच तास येतं. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, दाब येतो, टाक्या-पिंपं भरतात, दाब जातो. नळाला पाणी असताना गळक्या सांध्यांतून ते बाहेर जातं. तास संपला की पाइप रिकामा होतो, आतला दाब उतरतो आणि त्याच सांध्यांतून आजूबाजूचं पाणी आत शिरतं. आजूबाजूला बरेचदा गटार असतं. कुणी लाइनला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. पहिली बादली फरशी धुवायला ठेवायची, ही घराघरातली सवय त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे: रिकाम्या पाइपात शिरलेलं आणि आतल्या भिंतीवरून सुटलेलं सगळं त्या बादलीत उतरतं.

हुबळी-धारवाडमध्ये याची नीट मोजणी झाली. शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी होतं, काही भागांत अधूनमधून. विष्ठेचा माग सांगणारा ई. कोलाय जिवाणू चोवीस तासवाल्या नळांच्या एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत सापडला, अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांच्या जवळपास दर तीन नमुन्यांमागे एकात. दाब सतत राहिला की गळती बाहेरच होते, आत नाही. मात्र घरात साठवलेल्या पाण्यात फरक बराच कमी होता, कारण पुढचा कारभार माठाचा आणि आपल्या हाताचा.

गावाकडे हीच राखण क्लोरीन करतं. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट घेतो: नमुन्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे दोन थेंब, पाणी पिवळं झालं की लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का ते रंगावरून कळतं. पिवळं झालंच नाही, तर क्लोरीन वाटेतच खर्ची पडला. जिवाणू तपासायची स्वस्त युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२मध्ये मांडली. औषध लावलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून उबेला ठेवायचं. विष्ठेतून येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याने आतल्या लोहाचं काळं सल्फाइड बनतं. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. दोन दिवसांत बाटली शाईसारखी काळी झाली, तर ते पाणी किती मिनिटांत आणलं होतं हे कुणी विचारत नाही.