जेरुसलेम ११८७ : एका शरणागतीची पार्श्वभूमी

जेरुसलेम २ ऑक्टोबर ११८७ रोजी इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याला शरण आले. त्या दिवशी शुक्रवार होता आणि हिजरी कालगणनेप्रमाणे रजब महिन्याची २७ तारीख, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या स्वर्गारोहणाचा मानला जाणारा दिवस होता. हा योग सलाहुद्दीनच्या चांगलाच पथ्यावर पडला. शहराला वेढा पडून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. मात्र ख्रिस्ती फौजांनी हे शहर घेतल्याला ८८ वर्षे लोटली होती आणि त्यांतला मोठा काळ मुसलमान सत्तांची आपापसांतली भांडणे आणि ती मोडून काढण्याची खटपट यांतच गेला होता.

जेरुसलेमसाठी युरोपातून निघालेल्या या ख्रिस्ती मोहिमांना (क्रूसेड्सना) मराठीत 'धर्मयुद्धे' म्हणण्याचा प्रघात आहे. महाभारताच्या परंपरेत या शब्दाचा अर्थ नियम पाळून लढलेले युद्ध असा आहे, तेव्हा तो येथे तितकासा चपखल बसत नाही. मोहिमेवर निघालेले लोक स्वतःला यात्रेकरू म्हणवत, तर अरबी इतिहासकार त्यांना 'इफ्रंज', म्हणजे फ्रँक, म्हणत. हाच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन 'फिरंगी' झाला आणि युरोपीय पात्याची 'फिरंग' तलवारही त्याच कुळातली.

पहिल्या मोहिमेला यश का आले, हे पाहण्यासाठी १०९२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी सेल्जुक या तुर्क घराण्याच्या साम्राज्याचा कर्ता वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला आणि पाठोपाठ सुलतान मलिकशाहही वारला. वारसाहक्काच्या लढाया सुरू झाल्या. अलेप्पो आणि दमास्कस येथे दोन भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. कैरोच्या शिया फातिमी खलिफांना तर सुन्नी सेल्जुक हेच मुख्य शत्रू वाटत. त्यांनी १०९८ मध्ये सेल्जुकांच्या मांडलिकांकडून जेरुसलेम हिसकावून घेतले. इकडे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट अलेक्सिओसने तुर्कांविरुद्ध पश्चिमेकडे मदत मागितली होती. त्याला हवे होते पगारी घोडेस्वार. पोप दुसरा अर्बन याने नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे केलेल्या आवाहनानंतर मात्र सशस्त्र यात्रेकरूंचे लोंढेच पूर्वेकडे निघाले. त्यांपैकी काही टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत आधी ज्यूंची कत्तल केली.

जेरुसलेमच्या तटापाशी ही फौज जून १०९९ मध्ये पोहोचली, तेव्हा तिच्याकडे वेढ्याची साधने नव्हती आणि आसपास पुरेसे लाकूडही नव्हते. याफा बंदरात आलेली जिनोआची जहाजे मोडून त्यांच्या फळ्या, दोर आणि सुतार डोंगरावर आणले गेले, त्यांतून चाकांचे उंच लाकडी मनोरे उभे राहिले आणि १५ जुलै रोजी तट पडला. नंतर शहरातील मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची जी कत्तल झाली, तिची वर्णने खुद्द ख्रिस्ती इतिवृत्तकारांनी लिहून ठेवली आहेत.

तरीही पुढची वर्षे अखंड युद्धाची नव्हती. एडेसा, अँटिओक, त्रिपोली आणि जेरुसलेम ही चार फ्रँक राज्ये शेजारच्या अमिरांशी तह करत, जकात वाटून घेत आणि प्रसंगी एका अमिराच्या बाजूने दुसऱ्याशी लढत. शैझरचा सरदार उसामा इब्न मुनकिध याने आठवणींत सांगितलेला एक प्रसंग बोलका आहे. तो जेरुसलेममध्ये नमाज पढत असताना नुकत्याच आलेल्या एका फ्रँकने त्याला धरून त्याचे तोंड पूर्वेकडे वळवले आणि प्रार्थना अशी करावी असे बजावले. टेंपलर या लढाऊ संन्यासी पंथातील उसामाच्या परिचितांनी त्या माणसाला बाजूला नेले आणि हा इथे नवखा आहे, असे सांगून माफी मागितली.

ही घडी पहिल्यांदा विस्कटली ती ११४४ मध्ये, मोसुलच्या झंगीने एडेसा घेतल्यावर. उत्तरादाखल आलेल्या दुसऱ्या मोहिमेने ११४८ मध्ये वेढा घातला तो दमास्कसला, म्हणजे झंगीच्या घराण्याला अडवण्यासाठी जेरुसलेमशी हातमिळवणी केलेल्या शहरालाच. चार-पाच दिवसांत वेढा उठवावा लागला आणि एक उपयोगी मित्र कायमचा गेला. सहा वर्षांनी दमास्कसने झंगीचा मुलगा नूरुद्दीन याला दरवाजे उघडून दिले. माझ्या मते ११८७ ची खरी सुरुवात येथे होते.

नूरुद्दीनने इजिप्तमध्ये पाठवलेल्या सैन्याबरोबर गेलेला कुर्द तरुण सलाहुद्दीन ११६९ मध्ये तेथील वजीर झाला आणि ११७१ मध्ये त्याने फातिमी खिलाफतच संपवली. नूरुद्दीन ११७४ मध्ये वारल्यावर सलाहुद्दीनने दमास्कस घेतले, ११८३ मध्ये अलेप्पो घेतले आणि ११८६ मध्ये मोसुललाही आपले वर्चस्व मान्य करायला लावले. या बारा वर्षांत त्याची शक्ती फ्रँकांपेक्षा मुसलमान प्रतिस्पर्ध्यांवरच अधिक खर्ची पडली, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली.

तह चालू असताना शातियोंचा रेनाल्ड या फ्रँक सरदाराने एक काफिला लुटला आणि सलाहुद्दीनला युद्धाचे कारण मिळाले. जेरुसलेमचा राजा गी याने ३ जुलै ११८७ रोजी सफूरियाच्या झऱ्यांवरचा तळ सोडून, वेढ्यात सापडलेल्या तिबेरियासच्या दिशेने कूच केले. वाटेत पुरेसे पाणी नव्हते. रात्र तहानेत गेली, सकाळी सलाहुद्दीनच्या माणसांनी वाळलेले गवत पेटवून दिले आणि हत्तीनच्या टेकड्यांपाशी राज्याचे जवळजवळ सगळे सैन्य संपले. कैद झालेल्या राजाला सलाहुद्दीनने थंड सरबत दिले. राजाने तो पेला रेनाल्डपुढे केला, तेव्हा हे मी दिलेले नाही, असे सलाहुद्दीनने बजावले, कारण पाहुणचार स्वीकारलेल्या कैद्याला अभय मिळत असे. रेनाल्डला त्याने स्वतःच्या तलवारीने मारले.

मग जेरुसलेमचे रक्षण करायला फौजच उरली नव्हती. इबेलिनचा बालियन या फ्रँक सरदाराने वाटाघाटी केल्या आणि पुरुषामागे १० व बाईमागे ५ दिनार खंडणी ठरली. कत्तल टळली, पैसे भरू न शकलेले हजारो लोक मात्र गुलाम झाले.

नूरुद्दीनने ११६८-६९ मध्ये अलेप्पोच्या कारागिरांकडून एक मिंबर, म्हणजे मशिदीतले प्रवचनाचे उंच आसन, करवून घेतले होते. जेरुसलेम जिंकल्यावर ते अल-अक्सा मशिदीत ठेवायचे, असा त्याचा संकल्प होता. लाकडाचे बारीक तुकडे एकमेकांत गुंतवून आणि त्यात हस्तिदंत जडवून घडवलेले ते आसन सुमारे दोन दशके अलेप्पोतच राहिले. सलाहुद्दीनने ते जेरुसलेमला आणवले. ऑगस्ट १९६९ मध्ये एका माथेफिरूने मशिदीत लावलेल्या आगीत ते जळाले, आणि त्याच्या जागी त्याच नमुन्याचे नवे मिंबर बसायला २००७ साल उजाडले.