दुहेरी दुव्यांमधील दुवा-मजकूर

एकाच वेबपानावरून दुसऱ्या एका पानाकडे दोन किंवा अधिक दुवे (लिंक) जात असतील आणि त्या दुव्यांवरचे शब्द निरनिराळे असतील, तर गूगलसारखे शोधयंत्र त्यांपैकी कोणते शब्द जमेस धरते, हा संकेतस्थळांच्या रचनेतील एक जुना प्रश्न आहे. ज्या दृश्य शब्दांवर वाचक टिचकी मारतो त्यांना दुवा-मजकूर म्हणतात. पुण्यात संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘अँकर टेक्स्ट’ हाच शब्द आहे.

दुवा-मजकुराला महत्त्व आले ते एका साध्या निरीक्षणामुळे. एखादे पान स्वतःविषयी जे सांगते, त्यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी जे म्हणतात ते पुष्कळदा अधिक नेमके असते. १९९४ सालच्या ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या शोधयंत्राने ही कल्पना वापरली होती. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राची रचना मांडताना दुव्यावरचे शब्द ज्या पानावर तो दुवा आहे त्याच्या खात्यावर तर मांडलेच, शिवाय ज्या पानाकडे तो जातो त्याच्याही खात्यावर मांडले. २ कोटी ४० लाख पानांतून त्यांनी २५ कोटी ९० लाखांहून अधिक दुवा-मजकूर नोंदवले होते. ज्या पानावर केवळ चित्र आहे, वाचण्यासारखा मजकूरच नाही, असे पानही त्यामुळे शोधात सापडू लागले.

पुणे परिसरातील किल्ल्यांवरचे एखादे मराठी संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणले, तर दुहेरी दुव्यांची अडचण लगेच लक्षात येते. त्याच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मेन्यू आहे आणि त्यात ‘सिंहगड’ असा दुवा आहे. खाली तानाजी मालुसरे यांच्यावरील लेखात ‘कोंढाणा’ या शब्दावर पुन्हा त्याच पानाचा दुवा दिला आहे. गडाची ही दोन्ही नावे मराठी वाचकाला ठाऊक असतात आणि तो दोन्ही नावांनी शोधतो. शोधयंत्राने पहिल्याच दुव्याचे शब्द घेतले, तर या पानावरून ‘सिंहगड’ तेवढे पोहोचेल. लेखकाने विचारपूर्वक जोडलेला ‘कोंढाणा’ वाया जाईल. येथे ‘पहिला’ म्हणजे पडद्यावर वर दिसणारा नव्हे, तर पान ज्या एचटीएमएल संहितेत (कोडमध्ये) लिहिलेले असते तिच्यात आधी येणारा. बहुतेक संकेतस्थळांत मेन्यूची संहिता लेखाच्या आधी असते, म्हणून तोच पहिला ठरतो.

‘पहिला दुवा मोजला जातो’ हे मत प्रयोगांतून पुढे आले. प्रयोगाची पद्धत सोपी आहे. कोणत्याही भाषेत नसलेले दोन शब्द बनवायचे, एका पानावर लागोपाठ दोन दुव्यांत ते घालून दोन्ही दुवे एकाच पानाकडे न्यायचे, आणि त्या लक्ष्य-पानावर मात्र दोन्ही शब्द येऊ द्यायचे नाहीत. काही दिवसांनी पहिल्या शब्दाने शोधल्यावर लक्ष्य-पान सापडले आणि दुसऱ्याने सापडले नाही, तर पहिल्याच दुव्याचा मजकूर धरला गेला असे अनुमान निघते. अनेकांना असेच फळ मिळाले. तरीही कृत्रिम शब्दांच्या, एकदोन पानांच्या प्रयोगावरून सर्व वेबसाठी नियम काढणे धाडसाचे आहे. त्या दिवशी यंत्र कसे वागले, इतकेच त्यातून कळते. गूगलचे जॉन म्यूलर यांनीही अशा दुव्यांसाठी ठरलेला नियम नसल्याचे आणि यंत्राची वागणूक बदलू शकत असल्याचे सांगितले आहे. दुव्यातून वाहणारे पेजरँकचे वजन, म्हणजे दुव्यांवरून गूगल मोजत असलेले पानाचे महत्त्व, ही मजकुराहून वेगळी बाब आहे; या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे चर्चा वारंवार भरकटते.

प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान होते ते याद्यांच्या पानांवर. गडाचे छायाचित्र, त्याखाली शीर्षक आणि शेवटी ‘अधिक वाचा’, असे तीन दुवे एकाच पानाकडे नेणारी चौकट मराठी संकेतस्थळांवर सर्रास आढळते. चित्राला दुवा असेल तेव्हा गूगल चित्राचे पर्यायी वर्णन (चित्र दिसत नसेल तर त्याऐवजी वाचला जाणारा, संहितेतला मजकूर) दुवा-मजकूर म्हणून घेते. त्या जागी ‘फोटो १’ लिहिलेले असेल, तर संहितेतील पहिला दुवा गडाविषयी काहीच सांगत नाही, आणि ‘अधिक वाचा’ हे शब्द तर जगातील कोणत्याही पानाला लागू पडतात. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरणाऱ्या अंध वाचकाला तोच दुवा तीनदा ऐकावा लागतो, हा त्रास शोधयंत्रातील क्रमांकापेक्षा मोठा मानला पाहिजे. शेजारचे चित्र आणि मजकूर एकाच दुव्यात गुंफावेत, असे तंत्र वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेसाठी, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे म्हणून, सुचवले आहे. त्याने दुहेरी दुव्याचा प्रश्नही मुळातच मिटतो.

उलट, पाहिजे तो शब्द जमेस धरला जावा म्हणून तोच ठसठशीत मजकूर असंख्य दुव्यांत कोंबण्याचा मार्ग घातक ठरला आहे. एप्रिल २०१२ मध्ये शोधाच्या क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने गूगलने अशा बनावट दुव्यांवर बडगा उगारला.

मराठीत या विषयाला आणखी एक पदर आहे. मराठी नाम विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय घेण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते: ‘सिंहगड’चे ‘सिंहगडावर’ होते, ‘कोंढाणा’चे ‘कोंढाण्याची’ होते, ‘पुणे’चे ‘पुण्यात’ होते. पहिल्या उदाहरणात मूळ शब्द अक्षरशः शाबूत राहतो, पुढच्या दोहोंत तो बदलतो, आणि ही रूपे एकाच शब्दाची आहेत हे यंत्राला ओळखावे लागते. प्रत्यय दुव्याबाहेर ठेवून ‘कोंढाण्या’ एवढ्यालाच दुवा दिला, तर दुव्यात उरलेला हा तुकडा कोणीच शोधत नाही. त्यामुळे शीर्षक, मेन्यू आणि चित्रवर्णन या प्रथमेतील, म्हणजे नाम प्रत्ययाविना मूळ रूपात येते अशा, जागांना मराठीत विशेष मोल आहे. वरील संकेतस्थळाच्या मेन्यूत ‘सिंहगड (कोंढाणा)’ असे लिहिले, तर दोन्ही नावे मूळ रूपात पहिल्याच दुव्यात येतात आणि लेखातला दुवा वाक्याच्या ओघात ‘कोंढाण्याची’ असा मोकळेपणाने ठेवता येतो.