सहा गठ्ठे पद्धत

शासकीय कार्यालयातील प्रत्येक लिपिकाकडचे सगळे कागद सहा गटांत विभागून दप्तर लावण्याची महाराष्ट्रातील पद्धत. तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा कार्यालयांत ती ठाऊक असते. वार्षिक तपासणीला आलेला अधिकारी ‘सहा गठ्ठे लावलेत का?’ असे विचारतो आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात उशिरापर्यंत दिवे का जळतात, याचे उत्तर बहुधा त्या प्रश्नातच असते.

पहिल्या गठ्ठ्यात प्रलंबित प्रकरणे येतात, म्हणजे ज्यांवर लिपिकाने स्वतः कार्यवाही करायची आहे ती. आपले काम झाले, पण दुसऱ्या कार्यालयाचे किंवा अर्जदाराचे उत्तर यायचे आहे, ती प्रकरणे प्रतीक्षाधीन. ठरावीक मुदतीने वर पाठवायची विवरणे नियतकालिकांच्या गठ्ठ्यात जातात. शासन निर्णय व परिपत्रके स्थायी आदेश संचिकेत लावतात. निकाली निघालेल्या नस्त्या (फायली) वर्गीकरण करून अभिलेख कक्षात पाठवायच्या असतात. उरतात ते नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. हे वर्गीकरण जतनाच्या मुदतीवरून ठरते: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ अल्पकाळ.

कागद गठ्ठ्यात बांधण्याची सवय मात्र जुनी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांतच बांधलेले आहेत, आणि एखादा विषय ‘बासनात गुंडाळला’ असे आपण म्हणतो ते याच कापडावरून. सहा गठ्ठ्यांचा उद्देश याच्या नेमका उलट आहे. कोणता कागद कशासाठी अडला आहे, हे दप्तर उघडताच दिसावे.

या विचाराला प्रतिष्ठा दिली ती अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगाने. कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख कक्ष आणि लोकांना सामोरे जाण्याची रीत त्यांनी एकत्रच बदलली. तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजला. पुढे २०१७-१८च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ मोहीम चालवली. आधी जुना साठा उपसायचा आणि मग रोजचा कागद रोज हलवायचा, असा तिचा क्रम होता.

कायद्याचे बळ दरम्यान मिळाले. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम, लोकांच्या तोंडी ‘दप्तर दिरंगाई कायदा’, १ जुलै २००६ पासून अंमलात आला. सर्वसाधारण नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, असे तो सांगतो. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अर्जदाराला अपिलाची वाट दिली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली.

तरीही पद्धतीची खरी कसोटी प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात लागते. त्रुटी दाखवणारे एक पत्र अर्जदाराला धाडले की प्रकरण पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात सरकते. प्रलंबिततेचा आकडा घटतो, अर्जदाराचे काम मात्र तिथेच असते. सात दिवसांची मुदतही एका टेबलाची आहे, साऱ्या प्रवासाची नव्हे. म्हणून जाणता तपासणी अधिकारी पहिला गठ्ठा नुसता चाळतो आणि दुसऱ्यातली पत्रे तारखेनिशी वाचतो. शेवटचे स्मरणपत्र कधी गेले, ते खरेच गेले का, हे जावक नोंदवहीशी ताडून पाहतो.

फायली संगणकावर हाताळणारी ई-ऑफिस प्रणाली आल्यावर टेबलावरचे गठ्ठे कमी झाले, पण वर्गवारी टळली नाही. जुने दप्तर स्कॅन करण्यापूर्वी ते आधी लावून घ्यावे लागते, नाहीतर नष्ट करायच्या कागदांच्या स्कॅनिंगचेही बिल भरावे लागते.