शिक्षणसाहाय्य, ग्रामीण (पुणे परिसर)

गरीब घरातल्या मुलाची शाळा पैशावाचून सुटू नये म्हणून समाजाने स्वखुशीने केलेली मदत. अन्न, निवारा, फी, वह्या-पुस्तके, गाडीभाडे आणि अलीकडे मोबाइलचा रिचार्ज अशी तिची रूपे काळाप्रमाणे बदलत आली. पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. त्या माहेरापासून तास-दोन तासांवर वेल्हे, मुळशी, भोरच्या डोंगरात धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या आहेत. पूर्वेला दौंड, इंदापूर, बारामतीच्या उसाच्या पट्ट्यात दर हंगामात परजिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या उतरतात. या वाड्या-वस्त्यांवरची आणि टोळ्यांबरोबर येणारी मुले हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

पुण्यातली जुनी रीत म्हणजे वार लावून जेवणे. खेड्यातून शिकायला आलेला मुलगा सात घरे धरायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सातही वार मिळाले तर नशीब, नाहीतर रिकाम्या वारी चुरमुऱ्यांवर भागवायचे. यजमानांकडे सुतक आले की तो वारही गेला. ज्यांना वार मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (आजचे पुणे विद्यार्थी गृह) अशा मुलांना हक्काचे छप्पर दिले. या रीतीने कित्येक गरीब मुले शिकून मोठी झाली, हे खरेच. पण ही सोय जवळजवळ ब्राह्मण मुलांपुरती होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ज्याचा हात लागलेले पाणी चालत नव्हते, त्याला वार कोण देणार?

त्या बंद दारांबाहेरचे काम जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून हाती घेतले. शिकवण्याआधी जेवू घालावे लागते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. १८७७ च्या दुष्काळात जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला, तो उपाशी मुलांसाठी. पुढे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. वसतिगृहात दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले. १९३२ मध्ये गांधी आणि आंबेडकर यांच्यात झालेल्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग हाउस काढले. महर्षी कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिथे लोकल बोर्डाची (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची) शाळा नाही अशा खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले.

या साऱ्यांत मुष्टिफंडाची कल्पना फार मोलाची वाटते. भाकरीसाठी धान्य काढताना घरातल्या बाईने एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, आठवड्याने मुलांनी येऊन डबा रिकामा करून न्यायचा. ज्या घरात दान देण्याएवढे कधीच नव्हते ते घरही यात देणारे झाले. शिवाय ही मदत वर्षभर चालू राहत होती.

आजचा खर्च वेगळ्या ठिकाणी आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे ६ ते १४ वयाच्या मुलांना सरकारी शाळेत फी नाही, पुस्तके फुकट, दुपारी पोषण आहार. हा हक्क आठवीला संपतो. मुलींना राज्यात बारावीपर्यंत फी माफ आहे, पण घरच्यांचे गणित फीपाशी थांबत नाही. वाडीवरची शाळा चौथी-पाचवीपर्यंत, पुढे हायस्कूल डोंगर उतरून. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, मुलींना बारावीपर्यंत पासच मोफत. मात्र पास असून उपयोग काय, जर पहाटेची मुक्कामी गाडी बंद झाली असेल? मग उरते तालुक्याच्या गावी खोली आणि खाणावळ. हा खर्च कुठल्याच योजनेत नीट बसत नाही आणि नववी-दहावीतली मुलगी इथेच घरी बसते. एक सायकल किंवा वसतिगृहातली एक जागा तिची दोन वर्षे वाचवते.

मदत मात्र बहुतेक जूनमध्ये येते आणि वह्यांच्या रूपात येते. गणेश मंडळे, सोसायट्या, माजी विद्यार्थ्यांचे गट, कंपन्या असे सगळे वह्यावाटपाला निघतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण हा त्यातला आवडता विषय आहे. हेतू चांगलाच असतो. पण गाडी जाते तिथवरच्या शाळेला एकाच पावसाळ्यात दोन-तीनदा दप्तरे मिळतात, आणि घाटापलीकडच्या दोनशिक्षकी शाळेत कुणी पोचत नाही. दप्तरावर दात्याचे नाव ठळक छापलेले असते. सहावीतली मुलगी ते नाव वर्षभर पाठीवर वागवते, आणि आपले दप्तर दानाचे आहे हे वर्गातल्या प्रत्येकाला कळते. कृपा करून असे छापू नये. फोटोसाठी मुलांना रांगेत उभे करणेही टाळावे.

टिकणारे काम वसतिगृहांनी आणि दत्तक पालक पद्धतीने केले आहे. दत्तक पालक म्हणजे एका मुलाचा वर्षाचा शिक्षणखर्च उचलणारी व्यक्ती. मूल राहते आपल्या आईबापांकडेच. पैसे शाळेत किंवा मुलाच्या बँक खात्यात जमा होतात आणि गृहभेट घेणारा कार्यकर्ता मध्ये असतो. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती खेड्यांतून पुण्यात येणाऱ्या गरीब मुला-मुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते. तिथे 'कमवा आणि शिका'ला मोठे स्थान आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहते ती यामुळे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांपुढे ही सगळी व्यवस्था अपुरी पडते. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली कुटुंबे गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. मुलांचे नाव गावच्या हजेरीपटावर, मूल कारखान्याच्या तळावर. शाळा बदलताना उपयोगी पडावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. तळावर भरणाऱ्या साखरशाळा मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या बळावर चालत आल्या. आई-बाप पहाटे अंधारात कोयते घेऊन फडात जातात, तेव्हा खोपीत मागे राहते दहा वर्षांची मुलगी: काखेत धाकटा भाऊ, चुलीवर भाताचे पातेले, आणि पाणी भरायची घागर. तिच्याकडे वह्या असतातही. धाकट्याला दिवसभर सांभाळणारे पाळणाघर शाळेला जोडून असेल, तरच ती वर्गात येऊन बसते.