पणजोबा शोधताय? आधी घरी कूळ विचारून या

‘आडनाव पाटील, जिल्हा जळगाव, पणजोबांची नोंद काढून द्या.’ जुन्या मोडी नोंदी शोधून त्या देवनागरीत उतरवून देणं हे आमचं काम, त्यामुळे असा फोन आम्हाला जवळजवळ रोज येतो. खानदेशात नुसता पाटील शोधायचा म्हणजे केळीच्या बागेत एक पान शोधण्यासारखं आहे.

पाटील, चौधरी, देशमुख हे मुळात हुद्दे. 1880-90 च्या मोडी वहीत माणूस सापडतो तो असा : ‘तुका वल्द दगडू (म्हणजे दगडूचा मुलगा तुका), जात अमुक, मौजे तमुक.’ आडनाव बरेचदा नसतंच. आणि ‘पाटील’ लिहिलेलं दिसलं, तर तो बहुधा गावचा वतनदार. तुमचा पणजोबा असेलच असं नाही. एका कुटुंबानं अशा नोंदीवरून वंशावळ छापूनही घेतली होती. वरच्या तीन पिढ्या दुसऱ्याच घराच्या निघाल्या. ती उसवायला आमचा आठवडा गेला.

म्हणून येण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘आपलं कूळ कोनतं शे?’ बोरसे, भदाणे, सोनवणे, देवरे. लेवा पाटीदार असाल तर भंगाळे, झोपे, बोंडे. सोयरीक जुळवताना कूळ बघतातच, त्यामुळे ते बायकांच्या तोंडी असतं. पणजोबांच्या वडिलांचं नावही विचारा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतं, कारण नोंद बारशाआधीची. नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. ‘छपन्याच्या दुष्काळात गेले’ एवढं कळलं तरी चालेल : संवत 1956, म्हणजे 1899-1900. कागदावर शके असेल तर 78 मिळवा. शके 1800 हे इसवी 1800 नव्हे.

तालुक्याचा घोळ आमच्यावर सोडा. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, कचेरी धुळ्याला. 1880 च्या सुमारास जळगावकडची गावं नशिराबाद तालुक्यात, रावेर-यावलकडची सावद्यात, साक्रीकडची पिंपळनेरात, शिंदखेड्याकडची विरदेलात. मात्र गाव बुद्रुक की खुर्द, आणि नावापुढे ‘प्र.’ म्हणजे परगणा कोणता, हे तुम्हीच सांगायचं.

नोंद मिळाली नाही तरी शोधाचे पैसे का, असं विचारतात. सापडो न सापडो, वही पानन्‌पान वाचावीच लागते. आणि लिप्यंतरात आम्ही कागदावर आहे तेवढंच देतो. ‘तेवढा कुणबी शब्द बसवून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. असा कागद पुढे जात पडताळणीत टिकत नाही.

घरी मोडी कागद असेल तर पूर्ण पानाचा फोटो पाठवा, वरच्या मथळ्यासकट. नुसत्या नावाची ओळ कापून पाठवली तर गाव कुठलं, साल कुठलं, काहीच कळत नाही. काम होण्यासारखं आहे की नाही, हे फोटो बघून सांगायचे पैसे घेत नाही. मूळ कागद मात्र लॅमिनेट करून आणू नका.