गुळाचा रंग आणि कंपनीचे गुण

कोल्हापुरात गुळाच्या सौद्याला रव्याची, म्हणजे गुळाच्या ढेपेची, पारख आधी डोळा करतो. पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते. म्हणूनच काही गुऱ्हाळांवर काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. रंग उजळतो, गूळ काही सुधारत नाही. गुंतवणुकीच्या अभ्यासकांपुढे सध्या असाच पारखीचा प्रश्न आहे.

पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबत कंपनी कशी वागते हे पाहून पैसे गुंतवायचे, याला ‘ईएसजी’ म्हणतात. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारातून आलेल्या एका अहवालामुळे हा शब्द रुळला. चांगलं वागून नफा बुडतो का, ही पहिली शंका. २०१५ मध्ये सुमारे २,२०० अभ्यास एकत्र तपासले गेले. दहातल्या नऊ अभ्यासांत तसं आढळलं नाही.

पण चांगलं कोण, हे ठरवलं कुणी? खरी गोम इथे आहे. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन या संशोधकांनी २०२२ मध्ये कंपन्यांना ईएसजीचे गुण देणाऱ्या सहा मानांकन संस्थांचे गुण ताडून पाहिले. कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या संस्थांचा सहसंबंध ०.९९, म्हणजे जवळजवळ एकमत. ईएसजीत तो सरासरी फक्त ०.५४! निम्म्याहून जास्त तफावत मोजण्याच्या पद्धतीतली निघाली. कामगारांना कसं वागवतात हे एक संस्था नोकरी सोडणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवते, तर दुसरी कोर्टातल्या खटल्यांवरून. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, कंपनी जितकी जास्त माहिती जाहीर करते, तितके मतभेद वाढतात, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ईएसजीची माहिती देणारा अहवाल सक्तीचा केला आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या फौंड्र्या, म्हणजे धातू ओतण्याचे कारखाने, त्या यादीत नाहीत; पण त्यांचं कास्टिंग मोठ्या वाहन कंपन्यांना जातं. मग इथल्या भट्टीचा धूर त्या कंपनीच्या खात्यावर मांडायचा की नाही? काय मोजायचं यावरचा हा वाद तफावतीचं दुसरं मोठं कारण आहे. माझ्या मते तो मांडलाच पाहिजे, कारण तो धूर इथल्याच माणसांच्या छातीत जातो. आणि मोजायचं तर गुळगुळीत अहवालावरून नको. टनामागे वीज किती युनिट लागली, जळक्या वाळूतली किती परत साच्यात गेली आणि किती ओढ्याकाठी टाकली, हे विचारावं.