ओट-बेदाणा कुकी : डब्यासोबतचं पत्रक

पहिली कुकी हातात घेतलीत की ती मधोमध जराशी दबेल. ती शिळी नाही, कच्ची नाही आणि सादळलेलीही नाही. ती तशीच असायला हवी. “अहो, बिस्किटं मऊ पडलीत तुमची” हा फोन आम्हाला इतक्यांदा आला, की शेवटी हे पत्रक छापून प्रत्येक डब्यात घालायचं ठरवलं.

फोन करणाऱ्यांचं तसं चुकत नाही. आम्ही पार्ल्यात राहतो. गाडी पार्ल्याला आली की बिस्किटं भाजल्याचा गोड वास डब्यात शिरायचा. २०१६ साली इथल्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि तो वासही गेला. पण बिस्किट म्हणजे कुर्रकन मोडणारं आणि चहात बुडवायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ही कुकी चहात बुडवलीत तर अर्धी कपाच्या तळाशी जाईल. हिच्या कडा खुसखुशीत, मधला भाग मऊ आणि थोडा चिवट, आणि दाताखाली टपोरा बेदाणा. चहाबरोबर खा, चहात नको.

कृती कुठली?

आम्ही दोघी नणंद-भावजय. या पत्रकात ‘आई’ म्हणजे एकीची आई आणि दुसरीची सासू; घरात दोघीही आईच म्हणतो. आईची आत्या अमेरिकेत ओहायोला असायची. तिनं शेजारणीकडून उतरवून घेतलेली कृती आईच्या वहीत अनारशांच्या आणि कडबोळ्यांच्या मधल्या पानावर आहे. ‘बटर १ स्टिक, ओट्स दीड कप, ३५० वर १० मिनिटं.’ स्टिक म्हणजे काय आणि ३५० कसले, हे कुठेच लिहिलेलं नाही. तिकडे बटर पाव पौंडाच्या कांड्यांत मिळतं, एक कांडी म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. आणि ३५० हे फॅरनहाइट, म्हणजे आपले १७५ ते १८० सेल्सिअस.

घरात तेव्हा ओव्हन नव्हता. दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून गल्लीतल्या बेकरीत न्यायचं, तिथल्या पत्र्यांवर गोळे लावायचे आणि नंबर येईपर्यंत भट्टीसमोर गप्पा मारत बसायचं, ही रीत. एका दिवाळीत आईनं नानकटाईच्या डब्याबरोबर या कुकीच्या पिठाचाही डबा नेला. ऑक्टोबरचा उकाडा, रांग दीड तासाची. नंबर आला तेव्हा पीठ श्रीखंडासारखं झालं होतं. भट्टीतून पत्रा बाहेर आला तो एकसंध, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच भलीमोठी कुकी. भट्टीवाले काका पत्र्याकडे बघत राहिले. आईनं तिथेच सुरी मागून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या. आमच्या घरात या कुकीला अजूनही ‘ओटाची वडी’च म्हणतात.

असं का झालं ते कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. नानकटाई डालड्याची. वनस्पती तूप बटरपेक्षा जास्त उष्णता सोसतं, म्हणून नानकटाई रांगेत बसूनही आकार धरते. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मुंबईत दिवाळीच्या दुपारी तेवढं तापमान स्वयंपाकघरातच असतं. ओहायोच्या कृतीत ‘बटर खोलीच्या तापमानाला आणा’ लिहिलंय, पण ती खोली तिकडची, वीस अंशांची. आमची सगळी कारागिरी या एका वाक्याचं मुंबईकरण करण्यात आहे: बटर फ्रीजमधून काढून दहाच मिनिटं बाहेर ठेवा, आणि पीठ झालं की लगेच पुन्हा फ्रीजमध्ये.

घरी करायची असेल तर

कृती आम्ही लपवत नाही. ज्यांना रोज वेळ नाही ते आमच्याकडून घेतातच.

साधारण २२ कुकींसाठी बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, साधी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, एक चमचा व्हॅनिला, मैदा ९५ ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, दालचिनीची ताजी पूड पाऊण चमचा, ओट्स १३५ ग्रॅम, बेदाणे ११० ग्रॅम. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा, पोहे खायचा नव्हे. पिवळं खारं बटर घेतलंत तर वेगळं मीठ नको. बिनमिठाचं घेतलंत तर पाव चमचा घाला. घरचं लोणी घालू नका, त्यात पाणी जास्त असतं आणि पुन्हा एकसंध वडीच होईल. जायफळ आम्ही चिमूटभर किसून घालतो. ते वहीत नाही, पुरणपोळीच्या सवयीनं आलंय.

बटर आणि दोन्ही साखरा तीन-चार मिनिटं फेटा, रंग जरा उतरेपर्यंत. मग अंडं आणि व्हॅनिला. मैदा, सोडा, दालचिनी एकत्र चाळून घाला आणि मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. जास्त ढवळलंत तर कुकी वातड होते. शेवटी ओट्स आणि बेदाणे. भांडं झाकून तासभर फ्रीजमध्ये. या तासात बटर घट्ट होतंच, शिवाय ओट्स ओलावा पिऊन फुगतात, म्हणून पीठ ट्रेवर कमी पसरतं. घाईत हा तास गाळायचा मोह होतो. गाळू नका.

ओट्सबद्दल: पोहे जसे जाड आणि पातळ, तसेच हे. आपल्याला जाड, म्हणजे पाकिटावर ‘रोल्ड’ लिहिलेले हवेत. दोन मिनिटांत शिजणारे ‘इन्स्टंट’ ओट्स पातळ पोह्यांसारखे. पिठात विरघळून जातात आणि कुकीचा लगदा होतो. दलियासारखे तुकडे असलेले ओट्स तेवढ्या वेळात शिजतच नाहीत, दाताला टचटच लागतात. मसाला ओट्सबद्दल लिहिण्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं, पण एका ताईंनी ते घालून केल्या आणि आम्हाला फोटोही पाठवला. तर, मसाला ओट्स नकोत.

ब्राउन शुगर म्हणून आपल्याकडे बऱ्याचदा मोठ्या दाण्याची कोरडी तपकिरी साखर मिळते. वहीत अभिप्रेत आहे ती ओलसर, मळीचा अंश असलेली, मुठीत दाबली की गोळा होणारी. ती नाही मिळाली तर ८५ ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा (१५ मिलिलिटरचा) काकवी घालून बोटांनी चोळा. कोल्हापूरकडची काकवी असली तर उत्तमच. आम्ही हेच करतो, आणि खरं सांगायचं तर मूळ साखरेपेक्षा आम्हाला हीच चव आवडते. गूळ पावडर चालते, पण कुकी लवकर लाल होते, म्हणून मिनिटभर आधी काढा.

बेदाणा की मनुका?

दोन्ही एकच, असं दुकानदारही सांगतात. आपल्याकडे बेदाणा म्हणजे बिनबियांचा. फारसीतला ‘बे-दाना’, म्हणजे दाणा नसलेला. मनुका मोठी, बहुतेकदा काळी, आणि तिच्यात बी असू शकते. औषधाला, दुधात उकळायला मनुका छान. कुकीत मात्र मऊ घासात कडक बी आली की मजा गेली. बेदाणाच घ्या.

आमचा बेदाणा सांगली-तासगावकडचा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तासगाव ही त्याची मोठी बाजारपेठ. तिथे द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरून सावलीत वाळवतात. हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून पुष्कळ मालाला गंधकाची धुरी देतात. पाकीट उघडल्यावर नाकाला किंचित झोंबतं ते त्यामुळे. ओव्हनमधून निघाल्यावर कुकी तपकिरीच असते, मग हिरव्या बेदाण्याचे जास्तीचे पैसे कशाला? आम्ही तपकिरी, कमी देखणा, जास्त गोड बेदाणा घेतो.

कोणताही घेतलात तरी काड्या निवडा, धुवा, आणि गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. नंतर निथळून फडक्यावर पूर्ण कोरडा करा. हे टाळलंत तर सुका बेदाणा ओव्हनमध्ये पिठातला ओलावा ओढतो आणि बाहेर डोकावणारे दाणे करपून कडू होतात. ट्रेवर गोळे लावताना वर आलेले बेदाणे बोटानं आत ढकला.

भाजताना

तीस-तीस ग्रॅमचे गोळे, दोन गोळ्यांत दोन बोटांची जागा, बटर पेपरवर. ओव्हन १७५ अंशांवर, पंधरा मिनिटं आधी तापवलेला, ट्रे मधल्या खणात, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू. अकरा ते तेरा मिनिटं. छोट्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये, मागची बाजू आधी लाल होते, म्हणून सहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास नको. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून ओला, कच्चा दिसतोय, तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा. हात होत नाही. आईचा अजूनही होत नाही, ती म्हणते “अजून दोन मिनिटं राहू दे गं”. पण तापलेल्या ट्रेवर कुकी भाजली जातच असते. पाच मिनिटं तशीच ट्रेवर ठेवा, मग जाळीवर घ्या. ओव्हनमध्येच ‘झाली’ असं दिसली, तर गार झाल्यावर ती दगड होणार.

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तर तोच मोड वापरा. कढईत मीठ तापवून झाकण ठेवूनही होतात, पण वरून रंग येत नाही. आम्ही दोनदा करून बघितल्या आणि सोडून दिल्या.

बिनअंड्याच्या

श्रावणात आणि संकष्टीला सगळ्यात जास्त विचारणा यांचीच. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालतो. कुकी जरा ठिसूळ होते, चवीत फरक फारसा नाही. दही घालूनही होतात, पण केकसारख्या फुगतात. आम्हाला त्या रुचत नाहीत. बिनअंड्याचा घाणा आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, भांडी धुऊन, सगळ्यात आधी काढतो. डब्यावरची खूण बघून घ्या: हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे बिनअंड्याची, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे अंड्याची.

“ओट्स आहेत, म्हणजे शुगरवाल्यांना चालतील ना?”

नाही. एका कुकीत सुमारे ७ ग्रॅम घातलेली साखर आहे, बेदाण्यातली वेगळी, शिवाय मैदा आणि बटर. ओट्स चवीसाठी आणि पोतासाठी आहेत, पथ्यासाठी नाहीत. ज्यांना गहू, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनीही खाऊ नये. ग्लूटेन वर्ज्य असलेल्यांनी तर बिनअंड्याचीही नाही, मैदा दोन्हींत आहे.

ठेवायच्या कशा

घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेरच, सहा दिवस. जून ते सप्टेंबर चारच दिवस धरा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर कुकी खरोखरच सादळते, तेव्हा कडाही मऊ पडतात. आमच्या मऊ आणि सादळलेल्या कुकीतला फरक कडेवरूनच ओळखायचा. सादळली तर १५० अंशांवर चार मिनिटं गरम करा आणि गार होऊ द्या. मुंग्यांसाठी पाणी घातलेल्या ताटात डबा ठेवायची आजीची युक्ती अजून चालते.

गोठवलेले गोळे नेले असतील तर ते फ्रीजरमध्ये दोन महिने राहतात. भाजताना बाहेर काढून ठेवू नका, गोठलेलेच ट्रेवर लावा आणि दोन मिनिटं जास्त द्या. पार्ल्याहून डोंबिवलीपर्यंत जाड पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट पोचतात. वाटेत मऊ पडले तर पुन्हा गोठवू नका. फ्रीजमध्ये तासभर ठेवून त्याच दिवशी भाजून टाका.

ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत. दिवाळीच्या आठवड्यात ओव्हन फराळाला लागतो, तेव्हा कुकी बंद. पत्र्याचा रिकामा डबा धुऊन परत आणलात तर पुढच्या डब्यात वीस रुपये कमी. मात्र झाकणही आणा, झाकणाशिवाय आलेले डबे आमच्या माळ्यावर ढिगानं पडले आहेत.